मोटर फिरली की हॉर्न गप्प: मोठ्या मॉडेलमधला नेहमीचा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

मोटर, दिवे आणि आवाज असलेली बसची मॉडेलं नेहमी एकाच प्रकारे बिघडतात. आधी लक्षणं बघू.

चाकं फिरायला लागली की हॉर्न अर्ध्यात तुटतो. किंवा स्पीकरमधून ‘टप्प’ होतं आणि इंजिनाचा आवाज परत पहिल्यापासून सुरू होतो. वायपर हलला की हेडलाइट मावळतात. हॉर्न वाजतो, पण त्याच्यामागे मोटरच्या तालावर घरघर चालू असते. उघड्या टेबलावर तासभर ठणठणीत चाललेलं मॉडेल रंगवून बंद केलं की अडखळायला लागतं. आणि सगळ्यात छळणारं म्हणजे आठवडाभर काही तक्रार नसते, चार माणसं बघायला जमली की हटकून बंद पडतं.

यातली दोन लक्षणं जरी जुळत असली तरी पुढचं वाचा. साउंड कार्ड (हॉर्न-इंजिनाचे आवाज वाजवणारा छोटा बोर्ड) मात्र एवढ्यात बदलू नका.

मी एसटीच्या बस बनवतो, १:१० प्रमाणात. म्हणजे बस जवळजवळ मीटरभर लांब होते. आत हेडलाइट, मागचे लाल दिवे, प्रवाशांच्या डोक्यावरचे पिवळट दिवे, मागच्या चाकांना एक गिअरमोटर, वायपरला एक छोटी, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली स्पीकर. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, त्यामुळे १ जूनच्या वर्धापनदिनाला माझ्या बस कुठे ना कुठे मांडलेल्या असतात, आणि नंतर गणपतीच्या आराशीत. मला फोनही याच दोन वेळी येतात. फोनवरचं वाक्य ठरलेलं:

“दादा, आवाजाचं कार्ड गेलं बहुतेक.”

“मोटर काढून बघितलीस का?”

“नाही, पण कार्डच गेलंय. नवीन मागवलंय.”

नवीन कार्ड येतं, तेही तसंच वागतं. एकाने तीन कार्डं बदलली होती. तिन्ही चांगली निघाली, माझ्या डब्यात आहेत. दहापैकी नऊ वेळा कार्ड निर्दोष असतं. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज कोसळतं, आणि त्या क्षणात कार्ड मान टाकतं.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढची तपासणी रटाळ वाटणार नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोटरच्या दोन टोकांमध्ये मोजा. माझ्या मागच्या चाकांची मोटर ६ ओहमच्या आसपास दाखवते. पुरवठा ५ व्होल्टचा. उभी मोटर सुरू होते त्या क्षणी तिला अडवणारं तेवढंच असतं, म्हणजे ५ भागिले ६, साधारण ०.८३ अँपिअर. एकदा फिरायला लागली की तीच मोटर ०.१ अँपिअरच्या खालीच भागवते, कारण फिरणारी मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. एसटी चढावर पहिल्या गिअरमध्ये सुटते तसंच हे, सुटतानाच काय तो जोर लागतो. त्याच क्षणी ३ वॉटचा स्पीकर हॉर्न वाजवत असेल तर तो स्वतः अर्ध्या अँपिअरच्या पुढे मागतो. दोघांची मागणी एकाच क्षणी येते आणि पुरवठा वाकतो.

दिव्यांवरून अर्धं निदान होतं. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला २. म्हणून व्होल्टेज पडतं तेव्हा हेडलाइट आधी मरतात आणि मागचे लाल दिवे बऱ्यापैकी टिकून राहतात. बस मागून-पुढून दिसेल अशी आडवी ठेवा, खोलीत अंधार करा आणि मोटर चालू करा. पांढरे मावळले, लाल शाबूत, तर पुरवठा कमी पडतोय. पांढरे-लाल दोन्ही एकदम गेले आणि एकदम आले, तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे. याला एक पैसा लागत नाही. मी आता फोनवर पहिल्यांदा हेच करायला लावतो.

सेल आणि पॉवरबँक

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली असेल तर आधी ती काढा. ती मल्टिमीटरसाठी ठीक आहे. तिचा अंतर्गत रोध इतका असतो की अर्धा-पाऊण अँपिअर मागितला की ती बसते. आकडा ९ दिसतो म्हणून लोक फसतात.

पॉवरबँक असेल तर उलटा घोटाळा होतो. नुसते दोन-चार दिवे चालू असताना करंट इतका कमी असतो की काही पॉवरबँकना वाटतं कुणी जोडलेलंच नाही, आणि त्या आपोआप बंद होतात. मॉडेल थोड्या वेळाने आपलं आपण बंद पडत असेल आणि पॉवरबँकचं बटण दाबल्यावर परत येत असेल, तर बिघाड मॉडेलमध्ये नाही.

मी दोन १८६५० लिथियम सेल सीरिजमध्ये संरक्षण-पट्टीसह वापरतो आणि पुढे बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा बोर्ड) ५ व्होल्ट करतो. पूर्ण भरल्यावर सेलची जोडी ८.४ दाखवते. ७ च्या खाली आली असेल तर तपासणी थांबवून आधी चार्ज करा. अर्धमेल्या सेलवर शोधलेला बिघाड खरा नसतो.

मोटरची वायर सोडवा

फक्त मोटरची. मग हॉर्न, घंटी, इंजिन, सगळं पाच मिनिटं वाजवा.

मोटर नसतानाही आवाज तुटत असेल तर हा बिघाड वेगळ्या गोत्रातला आहे. मेमरी कार्ड काढून परत बसवा, ३२ जीबीपर्यंतचंच आहे आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलंय ना ते बघा. डीएफप्लेअर मिनी हे साउंड कार्ड वापरत असाल तर आणखी एक गंमत: क्रमांकाने वाजवायला सांगितलं की ते फाइलचं नाव न बघता कॉपी झाल्याचा क्रम बघतं. माझ्या पहिल्या बसमध्ये कंडक्टरच्या एका घंटीऐवजी दोन घंट्या वाजायच्या. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे ज्याला माहीत आहे तो माणूस बसपाशी येऊन आधी तेच सांगतो. मेमरी कार्ड कोरं करून फाइली एकेक करून हव्या त्या क्रमाने टाका. स्पीकरच्या दोन्ही वायरी साउंड कार्डाच्या स्पीकरच्याच दोन पायांना हव्यात. त्यातली एक निगेटिव्हला जोडलीत तर कार्ड तापेल आणि मग ते खरंच जाईल.

मोटर काढल्यावर सगळं सुरळीत झालं? छान. कार्ड, स्पीकर, फाइली यांना विसरा.

चाकं मोकळी आहेत का

मोटर आणि आस (चाकांचा दांडा) जोडणारा कपलर सैल करा आणि आस बोटांनी फिरवा. कपलर जोडलेला असताना चाक जोर लावून फिरवू नका, छोट्या गिअरमोटरचे आतले दात तुटतात. आस लोण्यासारखी फिरायला हवी. अडकत असेल, एका जागी जड लागत असेल, तर मोटर सुरू होताना जास्त वेळ जोर मारते आणि व्होल्टेजचा खड्डा लांबतो. चाकाच्या आतल्या बाजूला रंगाचा थर, बेअरिंगमध्ये केस, मडगार्डला टेकणारा टायर, हे नेहमीचे गुन्हेगार. रंगकामानंतर बिघाड सुरू झाला असेल तर इथे जास्त वेळ घालवा.

अडवून मोजा

व्होल्टेजचा खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो, साधा मल्टिमीटर तो पकडत नाही. म्हणून खड्डा आपण लांबवायचा. मोटरची वायर परत जोडा, कपलर परत आवळा. मल्टिमीटरच्या टोच्या साउंड कार्डाच्या पॉवरच्या दोन पायांवर धरा (सेलवर नाही, कार्डावर), मोटर चालू करा आणि आस चिमटीत धरून दोन सेकंद थांबवा. दोनच सेकंद. जास्त धरलीत तर मोटरचं वायंडिंग जळेल.

५ चे ४.८ झाले तर पुरवठा चांगला आहे. ४.५ च्या खाली गेले तर बिघाड सापडत आला. ३.२ च्या आसपास डीएफप्लेअर हमखास दगा देतं.

आता तसंच आस धरून बक कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मोजा. तिथे ५ टिकून आहेत आणि कार्डावर ४.३, म्हणजे मधले ०.७ व्होल्ट वायरीत आणि जोडांत गेले. तिथेही पडले असतील तर मागे सरका, कन्व्हर्टरच्या इनपुटवर, मग सेलवर. जिथे पडझड सुरू होते तिथेच काम करायचं, बाकी काही उघडायचं नाही. लोक घाईने सगळी बस सोडवतात आणि जोडताना दोन नवे बिघाड घालून ठेवतात.

वायरी, स्विच आणि निगेटिव्हची वाट

मीटरभर लांबीच्या मॉडेलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर वायर होते. रिबन केबल उकलून घेतलेली वायर असेल तर त्या दोन मीटरांत ०.४ ओहम जातात, म्हणजे मोटर सुटताना एक तृतीयांश व्होल्ट नुसता वायरीत. त्यात जंपरच्या पिना आणि स्विच मिळवा. मोटरला आणि मुख्य पुरवठ्याला १४/३८ (३८ गेजच्या १४ तारांची) वायर घ्या, दिव्यांना बारीक चालते. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. ब्रेडबोर्ड आणि जंपर मॉडेलमध्ये कायमचे ठेवू नका, धक्क्याने सैल होतात. सोल्डर करा.

सगळं चालू ठेवून लाकडी काडीने एकेक जोड हलवा. दिवा लुकलुकला की तो जोड धरा. इवल्या सरकत्या स्विचमध्ये आत काळं झालेलं असतं. स्विच क्षणभर वायरीने बायपास करून बघा.

आता निगेटिव्हची वाट. माझ्याकडून सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक हीच. मोटरची निगेटिव्ह वायर जवळ पडते म्हणून साउंड कार्डाच्या निगेटिव्हला जोडली जाते. मग मोटरचा सगळा करंट कार्डाच्याच वायरीतून परत जातो आणि स्पीकरमध्ये मोटरच्या तालाची घरघर ऐकू येते. मोटरची निगेटिव्ह सरळ सेलपर्यंत, कार्डाची वेगळी सेलपर्यंत, दोघी तिथेच भेटल्या पाहिजेत. एवढ्यानेच अर्ध्या घरघरी गेलेल्या मी पाहिल्यात.

कपॅसिटर

मोटरच्या दोन टोकांवर, अगदी तिच्या अंगाला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. त्यावर १०४ लिहिलेलं असतं, किंमत चहापेक्षा कमी. मोटरच्या ब्रशवर ठिणग्या पडतात, तो कचरा तिथल्या तिथे गिळायचं काम हा करतो. हातभर लांब सर्किटवर लावला तर तोवर वायर अँटेना झालेली असते.

साउंड कार्डाच्या पॉवरच्या पायांपाशी १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावा. तो क्षणभराच्या खड्ड्यात भर घालतो. पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह. उलटा लावलात तर फुटतो, आणि आतलं रसायन रंगवलेल्या सीटवर पडलं की नव्या सीट कराव्या लागतात. मी केल्यात.

मोटर ट्रान्झिस्टरने एकाच दिशेला फिरत असेल तर तिच्यावर १एन४००७ डायोड हवा, पट्टा पॉझिटिव्हकडे. मोटर दोन्ही दिशांना फिरत असेल तर असा एकटा डायोड लावू नका, उलट दिशेला तो शॉर्ट होतो. तिथे मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाचे डायोड काम करतात.

वेदरिंगने (जुनेपणाच्या रंगकामाने) घातलेले बिघाड

इथे थोडं रेंगाळतो. कारण नवीन बस कुणालाच आवडत नाही. खिडकीखाली ओघळ हवेत, मागे डिझेलची काजळी, चाकांच्या वर तांबड्या मातीचे शिंतोडे, पत्र्याच्या कडांना उडालेला रंग. (खिडकीखालचे काही ओघळ कशाचे असतात ते घाटातून प्रवास केलेल्याला सांगायला नको. तेही करतो, फिकट पिवळ्या तेलरंगात.) पण हे सगळं जुनेपण शेवटी वायरिंगच्या अंगावर येतं.

पहिला नंबर ग्रॅफाइटचा. पत्र्याच्या कडेला धातूची चमक आणायला आपण पेन्सिलची पूड घासतो. ग्रॅफाइटमधून वीज जाते. ती पूड उघड्या सर्किटवर पडली तर दोन पायांमध्ये अर्धवट वाट तयार होते आणि बस आपलं आपण हॉर्न वाजवायला लागते. काजळीसाठी ग्रॅफाइट नको, साधी काळी खडूची पूड घ्या.

दुसरा स्टील वूल. व्हिनेगरमध्ये भिजवून गंजाचा रंग करायला छान, पण त्याचे तुकडे केसापेक्षा बारीक असतात आणि मोटरच्या व स्पीकरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

तिसरा प्रकार मला सापडायला तब्बल एक पावसाळा गेला. चिपळूणच्या एका काकांची बस. शिंतोड्यांसाठी मी खरी माती चाळून वापरली होती, अगदी पिठासारखी. बस दीड महिना चालली आणि मग मोटर जड झाली. उघडून बघतो तर मोटरच्या टोपणाच्या फटीत काळ्या केसांसारखी दाढी उगवलेली. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत लोहचुंबकी कण असतात. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवून बघा, झुबकाच चिकटून येतो. चाकांनी उडवलेली माती मोटरने निवडून निवडून जमा केली होती. तेव्हापासून चाळलेली माती कागदावर पसरतो, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून चार वेळा फिरवतो आणि पिशवी उलटी करून काळी पूड फेकून देतो. मोटरच्या फटींवर कापटॉन टेप. काका अजून विचारतात, “नेमकं काय बदललंस रे?” मोटर स्वच्छ पुसली, बाकी काही नाही.

चौथा, मीठ. रंग उडालेला दाखवायला ओल्या पृष्ठभागावर मीठ टाकून वरून रंग मारतात आणि सुकल्यावर मीठ खरवडतात. राहिलेला एखादा कण पावसाळ्यात ओल धरतो, आणि जोडावर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर तो तांब्याचा गंज आहे. जूनमध्ये वाजलेली बस गणपतीत मुकी होते ती बऱ्याचदा यामुळे. मीठकाम फक्त वायरिंग बसवण्याआधी करायचं, नंतर सुटा भाग पाण्याखाली धुवायचा.

आंबट वासाचं सिलिकॉन वायरी चिकटवायला वापरू नका. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं खातं. सुपरग्लूची वाफ बंद बसमध्ये काचांवर पांढरी बसते, थेंब मोटरच्या दांड्यावर ओघळला तर मोटर संपली. मॅट वार्निश मारताना स्पीकरवर आणि स्विचवर टेप लावा.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. सेल काढून, सर्किट बाहेर घेऊन, आणि बसपासून हातभर लांब. ते ॲक्रिलिक रंगही उचलतं. माझ्या एका बसची ‘चालकास सूचना’ अशीच पुसली गेली.

तरीही नाही, तर

मोटरला वेगळा बक कन्व्हर्टर द्या, आवाजाला वेगळा. दोन्ही त्याच सेलवर, निगेटिव्ह सेलपाशी एकत्र. मोटरने आपला कन्व्हर्टर कितीही वाकवला तरी दुसऱ्याचे ५ व्होल्ट जागेवर राहतात. एल२९८एन ड्रायव्हर असेल तर तो स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो, ५ व्होल्टच्या मोटरला त्याचा उपयोग नाही. छोटा मॉसफेटवाला ड्रायव्हर घ्या.

हे सगळं झाल्यावर, आणि अडवून मोजल्यावर कार्डावर ४.८ टिकत असूनही हॉर्न तुटत असेल, तर आता साउंड कार्ड बदला.

इथे थांबा

सेल फुगला, गोड-उग्र वास आला, चार्जिंगला असताना हात लावता येणार नाही इतका तापला, तर काही मोजत बसू नका. जमत असेल तर चार्जर काढा, मॉडेल फरशीवर, गॅलरीत, जळणाऱ्या गोष्टींपासून लांब ठेवा. तो सेल टोचायचा नाही, परत चार्ज करायचा नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, ई-कचरा केंद्रावर द्यायचा. स्वतः सेलला सोल्डर करणंही टाळा. स्पॉट वेल्डिंग करून बॅटरी पॅक बांधणारे असतात, त्यांच्याकडून पॅक करून घ्या.

२३० व्होल्ट मॉडेलच्या आत आले असतील, म्हणजे उघडा एसएमपीएस (घरच्या विजेचं कमी व्होल्टेज करणारा पुरवठा) किंवा मंडळाच्या देखाव्यातली मोठी मोटर, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. एसएमपीएसमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही धक्का देतात. मांडवात ओल असते, लहान मुलं पडद्याखाली हात घालतात, तिथे आपलं हौशी ज्ञान लावू नका.

सोल्डर करताना बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उचकटून आला तर गरम डाग देत बसू नका, पॅडबरोबर पट्टीही जाते. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मायक्रोस्कोप आणि बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री असते, त्याचं ते रोजचं काम. त्याला नुसतं “आवाज येत नाही” सांगू नका, बोर्डाबरोबर चिठ्ठी द्या. माझी शेवटची अशी होती: सेल ८.१, मोटर अडवून ७.९. कन्व्हर्टर ५.०, अडवून ५.०. कार्ड ५.०, अडवून ४.९. मोटर काढूनही हॉर्न तुटतो, दुसऱ्या कार्डावर तुटत नाही, स्पीकरच्या पायाचा पॅड हलतो. त्याने चिठ्ठी वाचली, पाय दाबून बघितला आणि म्हणाला, संध्याकाळी घेऊन जा.